विहंगची बाजू

‘मेळ’चा अहवाल आला तेव्हा शर्वरीच्या आईनं आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग चष्मा शोधला. छत्तीसपैकी पस्तीस. असा आकडा त्यांच्या गल्लीत तरी कुणी ऐकला नव्हता. मेळ ही काही पंचांग बघणारी कंपनी नव्हती, तिच्याकडे ना ग्रह होते ना नक्षत्रं. पण शंभरपैकी गुण दिले तर लोकांना बोर्डाची परीक्षा आठवते आणि छत्तीसपैकी दिले तर लग्न ठरल्यासारखं वाटतं, एवढं व्यवहारज्ञान तिच्या मालकांना होतं.

आईचा पत्रिकेवरचा विश्वास उडायला कारण घडलं होतं. थोरल्या वसुधाचे चौतीस गुण जुळले होते आणि अडीच वर्षांत ती एक बॅग घेऊन कराडला माहेरी परत आली होती. ती का आली हे घरात कुणी धड विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. धाकटीच्या वेळी मात्र आता आकाशाकडे बघायचं नाही, विज्ञानाकडे बघायचं, असं आईनं ठरवून टाकलं. शर्वरीनं हरकत घेतली नाही. ती सत्तावीस वर्षांची होती आणि माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करत होती. शेतात रोवलेल्या काड्या आता जमिनीतलं पाणी आणि मीठ घरबसल्या फोनवर कळवत, तरी शेवटचा दाखला मूठभर खऱ्या मातीवरच मिळायचा, आणि तो शर्वरीच्या सहीनं मिळायचा. मोजलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास होता.

मेळचं यंत्र कशावर चालायचं ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणसाला त्याच्याबद्दल विचारलं की तो खोटं बोलतो. जोडीदार कसा हवा, असं विचारा, समजूतदार आणि घर सांभाळणारा हवा असंच सगळे लिहितात, आणि मग भलत्याच माणसाच्या मागे धावतात. पण हाच माणूस पंधरा-सोळा वर्षांचा असताना मालिकेतल्या दोन पात्रांची जोडी जमावी की जमू नये यावर तावातावानं भांडत असेल, तर तो खोटं बोलत नसतो. मालिका सगळं सांगत नाही. नायिका दारात थांबते, मागे वळून बघते आणि भाग संपतो. ती का थांबली, हे बघणारा स्वतः भरतो, आणि भरतो ते स्वतःच्याच पोतडीतून काढून. अशा शेकडो भरलेल्या जागा यंत्राला वाचायला दिल्या की त्या माणसाला कशाची ओढ आहे आणि तो काय काय खपवून घेईल, याचा नकाशा तयार होतो. त्याला मेळवाले ओढ-आलेख म्हणत. जुन्या मालिकांचे चर्चाकट्टे त्यांनी मिळवले, त्यावर भांडणाऱ्या मुलामुलींची पुढं झालेली आणि मोडलेली लग्नं तपासली, आणि यंत्राचा अंदाज दहात नऊ वेळा बरोबर निघाला. मुलांची परवानगी घेतली होती का? घेतली होती. खातं उघडताना ‘मान्य आहे’वर त्यांनी बोट टेकवलं होतं.

शर्वरीच्या शाळेच्या वर्षांत ‘कट्टा नंबर सात’ नावाच्या मालिकेनं पोरांना वेड लावलं होतं. ज्युनिअर कॉलेज, त्यात रेवा नावाची मुलगी आणि तिच्या मागे दोन मुलगे. ओजस साधा, विचारून विचारून पाऊल टाकणारा. विहंग देखणा, तापट, रेवावर हक्क सांगणारा. रेवानं कुणाचं व्हावं यावरून वर्गच्या वर्ग फुटले होते. चर्चाकट्ट्यावर शर्वरी विहंगच्या बाजूची होती. नुसती होती असं नाही, तिचे लेख त्या बाजूची मुलं एकमेकांना पाठवायची.

ज्याच्याशी हे पस्तीस गुण जुळले तो निनाद शेवाळे पुण्यात पुलांचे आराखडे करायचा. पहिल्या भेटीत तो घरी आला, आईशी अदबीनं बोलला, वसुधाकडे जास्त चौकशा न करता नेमका नमस्कार केला, आणि निघताना शर्वरीला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणून गेला. न विचारता. तिला ते आवडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्यांदा ते नदीकाठच्या बागेत भेटले. बोलता बोलता तिच्या फोनवर प्रयोगशाळेतल्या सरगरचा निरोप आला, कुठल्याशा नमुन्याबद्दल. निनादनं हात पुढं केला, तिच्या हातातून फोन घेतला, निरोप वाचला, सरगरचा नंबर पुसून टाकला आणि फोन परत तिच्या तळहातावर ठेवला. कपाळावर आठी नाही, आवाज चढलेला नाही. तो फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, चहात साखर बरोबर पडली का ते बघावं तसा.

“चालतं ना?” तो म्हणाला. “मला माहीत होतं.”

शर्वरीनं फोन मुकाट पिशवीत ठेवला. तेच तिला रात्रभर टोचत राहिलं. प्रयोगशाळेत एखाद्यानं तिची नळी जरी हलवली तरी ती फाडकन बोलायची, आणि इथे तिची जीभ टाळ्याला चिकटली होती.

सोमवारी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की तुमच्या घरून फोन आला होता, पुढच्या महिन्याच्या प्रशिक्षणाला तुम्ही जाणार नाही म्हणून नाव कमी केलंय. घरून कुणीच फोन केला नव्हता. तिनं निनादला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला की लग्नाच्या गडबडीत तुला जमलं नसतं, तूही हेच ठरवलं असतंस, मला माहीत होतं.

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. एक्केचाळिसाव्या भागात विहंगनं रेवाचा फोन घेऊन मित्राचा नंबर पुसला होता. सत्तेचाळिसाव्या भागात त्यानं परस्पर कळवून टाकलं होतं की रेवा सहलीला येणार नाही. आणि त्या भागावर शर्वरीनं जो लेख लिहिला होता त्याचं नावच होतं, ‘तो विचारत नाही, कारण त्याला माहीत असतं’. निनाद तिचे लेख ओळीनं पुढं नेत होता. त्यानंतर तिनं मोठा लेख लिहिला होता तो त्रेसष्टाव्या भागावर. त्या भागात विहंगनं रेवाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोंडलं होतं.

तिनं आईला सांगून बघितलं. आई म्हणाली, फोन घेतला म्हणजे काय मारलं का? रविवारी साखरपुडा आहे, तू आता घाबरणारच, सगळ्याच घाबरतात. वसुधा पलीकडे मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“पहिल्यांदा फोनच घेतात,” ती म्हणाली.

आई उठून आत निघून गेली. वसुधानं एवढं सांगितलं हेच दोन वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

दुसऱ्या दिवशी शर्वरीनं मेळकडून स्वतःचा पूर्ण आलेख मागवला. तोवर तिनं फक्त आकडा बघितला होता, सगळे तेवढाच बघतात. आलेखात लिहिलं होतं: नियंत्रणाला माया समजण्याचा कल अतिशय प्रबळ. दुखावल्यानंतर नातं तोडण्याची शक्यता अत्यल्प. आधार, दोनशे चौदा लेख.

ती वाचत असताना तिला खडूची पेटी आठवली.

कुंभार सर शाळेत वादविवादाची तयारी करून घ्यायचे. राज्याच्या स्पर्धेला दोघींची जोडी जायची होती, शर्वरी आणि आफरीन मुल्ला. सर रिकाम्या खडूच्या पेटीत दोन चिठ्ठ्या टाकायचे. जी बाजू येईल ती घ्यायची, आवडो न आवडो, आणि सोडायची नाही. त्या वर्षी आफरीननंच सुचवलं की सराव कट्टा नंबर सातवर करू, तिथं भांडायला हजारो लोक आहेत. शर्वरीच्या चिठ्ठीत विहंग आला, आफरीनच्या चिठ्ठीत ओजस. शर्वरीला विहंग बघवायचा नाही, त्याच्या तोंडावर पाणी फेकावंसं वाटायचं. पण चिठ्ठी ती चिठ्ठी. वर्षभर ती रोज त्याची बाजू मांडत राहिली आणि हे खेळ म्हणून चाललंय हे दोघींनी कुणाला कळू दिलं नाही, कारण सरांचा तोच नियम होता. स्पर्धेत त्या फिरती ढाल घेऊन आल्या.

सरांचा आणखी एक नियम होता. स्पर्धा झाली की प्रत्येकानं उलट्या बाजूनं दोन मिनिटं बोलायचं. उसनी बाजू अंगाला चिकटते, ती उतरवून ठेवायची, असं ते म्हणत. त्याला ते ‘उतारा’ म्हणायचे. त्या वर्षी ढाल आली, मिरवणूक निघाली, पेढे वाटले गेले आणि उतारा राहून गेला.

शर्वरीला जरा हायसं वाटलं. असले अहवाल तिनं रोज बघितले होते. शेतकरी बांधालगतची किंवा उकिरड्याजवळची माती पिशवीत भरून आणतो, यंत्र त्या मातीचं चोख माप काढतं, आणि ते माप त्या शेताचं नसतंच. इथंही यंत्र चुकलं नव्हतं, नमुना चुकीचा होता.

मेळच्या मदत केंद्रातल्या मुलीनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं की मॅडम, आलेख वाचून पुष्कळ जण हेच म्हणतात. थट्टा, उपरोध, कुणाला चिडवायला लिहिलेलं, हे यंत्र ओळखतं. पण दोनशे चौदा वेळा, वर्षभर, इतकं जीव ओतून कुणी खोटं लिहीत नाही.

“मला एवढंच सांगा,” शर्वरी म्हणाली, “हा आलेख शेवाळ्यांना यंत्रानं सुचवला, की त्यांनी शोधला?”

मग ती मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, “असा कल असलेल्या मुली दाखवा, असं शोधता येतं, मॅडम. तुमचा आलेख आणखी वीस जणांनी राखून ठेवलाय.”

शर्वरीनं फोन ठेवला आणि दाराला आतून कडी लावली. दुपारचे बारा वाजले होते, स्वयंपाकघरात आई होती, तरी लावली.

मग तिनं मिरजेला आफरीनला फोन केला. आफरीन तिथं शाळेत शिकवत होती, तिचंही लग्न मेळवरूनच जमलं होतं. मेळला दाखवायला शर्वरीला तिच्याकडून दोन ओळींचं पत्र हवं होतं, की त्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या. आफरीननं लगेच कबूल केलं. मग म्हणाली, तुला एक सांगू का, तेव्हा सांगितलं नव्हतं.

“मला विहंगच आवडायचा गं. वेडी होते मी त्याच्यामागं. ओजसची चिठ्ठी आली तेव्हा घरी जाऊन रडले होते. पण वर्षभर रोज ओजसची बाजू लिहायची, रोज नवीन कारण शोधायचं... कधी पटायला लागलं ते कळलंच नाही. आमचे हे आहेत ना, अगदी ओजस. पाणी प्यायचं का, हेसुद्धा विचारतात.” ती हसली. “माझा आलेख खोटा होता आणि मग खरा झाला बघ.”

शर्वरी हसली नाही. उकिरड्याजवळची माती म्हणून ती जिला बाजूला ठेवत होती, ती वर्षभर तिच्याच शेतात पडत होती. आफरीन बदलली असेल, तर ती स्वतः का बदलली नसेल? बागेत फोन घेतला तेव्हा ती गप्प का बसली? घाबरली म्हणून, की आत कुठेतरी कुणीतरी म्हणालं की याला म्हणतात जपणं? तिनं मन चाचपून बघितलं आणि तिला उत्तर सापडेना. निनादपेक्षा तिला या गोष्टीची जास्त भीती वाटली.

तरी गुरुवारी तिनं ठरवलं की संध्याकाळी फोन करून नाही म्हणायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन झाडाखाली गेले होते. ती एक पिशवी शोधायला नमुन्यांच्या खोलीत शिरली. त्या खोलीला खिडकी नाही, तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर मातीच्या पिशव्या. तिच्या मागे दार लागलं आणि बाहेरून कडी सरकली.

“घाबरू नकोस, मी इथंच आहे,” बाहेरून निनादचा आवाज आला. तो पुण्याहून कधी आला, तिला कळलंच नव्हतं. “जरा शांत विचार कर. रविवारी काय करायचं ते तुझं तुलाच कळेल.”

जवळजवळ हेच विहंगही बोलला होता. शर्वरीनं दार ओढलं, पुन्हा ओढलं. फोन बाहेर टेबलावर होता. तिनं हाका मारल्या, पण त्या झाडाखालपर्यंत पोचत नसाव्यात. कोरड्या मातीचा वास, जो रोज तिला आवडायचा, आता नाकात भरत चालला.

मग त्यानं विचारलं. ते येणार हे तिला ठाऊकच होतं.

“भीती वाटते?”

त्रेसष्टाव्या भागात रेवा दाराला कपाळ टेकून म्हणते, तू बाहेर आहेस ना, मग नाही. त्या एका वाक्यावर शर्वरीनं तीन पानं लिहिली होती. आणि आता ते वाक्य तयार होऊन तिच्या जिभेवर आलं. कुणी ढकललं नव्हतं, आपलं आपण आलं. नुसते ओठ उघडायचे, की ते बाहेर पडणार होतं, दार उघडणार होतं, आणि मग सगळं किती सोपं झालं असतं. ती फळी घट्ट धरून उभी राहिली. दाराची भीती केव्हाच मागे पडली होती, तिला त्या वाक्याची भीती वाटत होती.

“सन्माननीय अध्यक्ष,” ती म्हणाली.

आवाज फाटका निघाला. बाहेर निनाद म्हणाला, काय? तिनं घसा साफ केला, कुंभार सर शिकवत तसे दोन्ही पाय जमिनीवर सारखे रोवले आणि समोरच्या पिशव्यांकडे बघत बोलायला लागली.

“सन्माननीय अध्यक्ष, माझ्या आधी शर्वरी निकम, वय वर्षं पंधरा, विहंगच्या बाजूनं बोलून गेल्या. फार सुंदर बोलल्या. त्या म्हणाल्या, तो विचारत नाही कारण त्याला माहीत असतं. मी सगळे भाग बघितलेत. विहंगनं रेवाला आख्ख्या मालिकेत एकच प्रश्न विचारला, भीती वाटते का. आणि तो कुठून विचारला? कडीच्या बाहेरून. रेवा नाही म्हणाली. माझ्या प्रतिपक्षाला ते प्रेम वाटलं. अध्यक्ष महाराज, कडी ज्याच्या हातात आहे त्यानं विचारलं, तर आत अडकलेलं माणूस दुसरं काय म्हणणार? ते उत्तर नव्हतं. ते दार उघडून घेणं होतं.”

तिला रडू येत होतं आणि ती बोलत होती. आवाज चढत गेला. फोनबद्दल बोलली, सहलीबद्दल बोलली, बारा वर्षांपूर्वी जे जे मुद्दे तिनं रचले होते ते एकेक करून पाडत गेली. आपणच बांधलेलं असल्यानं कुठली वीट कच्ची आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

“आणि मला भीती वाटते,” शेवटी ती ओरडून म्हणाली. “हो. वाटते. दार उघडा.”

बाहेर चपलांचा आवाज आला. मातीच्या पिशव्या लावणाऱ्या चंदामावशींचा खणखणीत आवाज आला, “कडी कुणी लावली हो? बाजूला सरा, साहेब.” दार उघडलं. मावशींच्या मागे डबे तसेच टाकून आलेली तीन-चार माणसं उभी होती, त्यात सरगरही होता.

निनाद पळाला नाही. तो चिडलेलाही दिसत नव्हता. गणिताचं उत्तर बरोबर लिहूनही चूक मिळालेल्या पोरासारखा तो तिच्याकडे बघत होता.

“पण तूच लिहिलं होतंस,” तो म्हणाला. “मी सतरा वर्षांचा होतो. विचारून विचारून वागायचो, सगळ्या मुली हसायच्या. मग तुझे लेख वाचले. सगळे. पाठ केले. मुलींना काय हवं असतं ते मला तुझ्याकडून कळलं.” त्याचा आवाज बारीक झाला. “बारा वर्षं मी तुलाच शोधत होतो.”

शर्वरीला त्याला सांगायचं होतं की ती चिठ्ठी होती, ढाल होती, खेळ होता. पण तोवर सरगरनं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं, मावशींनी पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला. शर्वरीनं घरी फोन केला. वसुधानं उचलला, ऐकलं, आणि आईला काय सांगायचं ते मी सांगते, म्हणाली.

पोलीस येईपर्यंत ती टेबलाशी बसून राहिली. मग तिनं जुन्या चर्चाकट्ट्यावरचं खातं उघडलं. मालिका केव्हाच संपली होती तरी कट्टा चालू होता, मेळनं तो मुद्दाम चालू ठेवला होता. आत गेल्यावर सगळ्यात वर तिचाच लेख होता, ‘तो विचारत नाही, कारण त्याला माहीत असतं’. पुसता येतो का ते तिनं बघितलं. येत नव्हता. तेव्हा तिनं त्याच्याखाली लिहायला घेतलं, सन्माननीय अध्यक्ष, आणि दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. असे दोनशे चौदा उतारे करायचे होते.

लेखाच्या कोपऱ्यात वाचणाऱ्यांचा आकडा होता, एक लाख बारा हजार. त्यात मुलगे किती, ते कट्टा सांगत नव्हता.